आठवी गाठ

आमच्या तलावावर उन्हाळ्यात मासा आठव्या गाठीवर असतो, हे सगळ्यांना पाठ आहे. कारण ते बाबांनी सांगितलंय. बाबांनी एकदा सांगितलं की विषय संपला, मग ते माशांबद्दल असो, माझ्या लग्नाबद्दल असो, नाहीतर भाजी चिरण्याबद्दल असो. फरक एवढाच, की भाजी आई स्वतःच्या मनाने चिरते आणि लग्न मी केलंच नाही. मासे मात्र चाळीस वर्षं बाबांचं ऐकत आले.

गाठीचं सांगते. आम्ही जाळी टाकत नाही, हातदोरीने मासेमारी करतो. दोरीच्या टोकाला शिसं, शिशाच्या वर गळ, गळाला जिवंत बारका मासा. दोन्ही हात पसरले की या बोटापासून त्या बोटापर्यंत जेवढं अंतर होतं, ते एक वाव. दर वावेला एक गाठ. उन्हाळा सुरू होण्याआधी बाबा धक्क्यावर खुर्ची टाकून बसायचे, आमच्या मच्छीमार संस्थेतल्या प्रत्येक होडीची दोरी स्वतःच्या हातांनी मोजायचे आणि आठव्या गाठीवर लाल धागा गुंडाळून द्यायचे. आठ वाव म्हणजे आमच्या तलावाचा बहुतेक तळच. ऊन वाढलं की मासा गारव्याला खाली जातो, हे त्यांचं गणित. ते चुकलं असं म्हणायची कुणाची छाती नव्हती.

गुडघा गेल्यापासून, म्हणजे नऊ वर्षं, बाबा पाण्यावर आलेले नाहीत. होडी मी चालवते. त्याआधी चार वर्षं शिवणाच्या कारखान्यात शर्टाच्या कॉलरी लावल्या. काम वाईट नव्हतं, पण दिवसभर ट्यूबलाइटखाली बसून मी करवादायची आणि घरी आल्यावर आईवर ओरडायची. होडी हातात आली आणि माझं ओरडणं बंद झालं, असं आई म्हणते. तिच्या म्हणण्यात थोडी अतिशयोक्ती आहे. पण त्या होडीइतकं मला दुसरं काही आवडत नाही, हे खरं.

होडी बाबांची असली तरी धक्क्यावरची जागा माझ्या नावावर आहे, आणि तीच यंदा जायची वेळ आली होती. संस्थेचा नियम असा, की दर शनिवारी दहा वाजता धक्क्यावर टोपली वजनाला लावायची. सलग सहा शनिवार टोपली रिकामी आली, तर जागा गेली. जागा गेली की होडी बांधायची कुठे आणि मासा उतरवायचा कुठे? हा नियम बाबांनीच केला होता, आळशी लोकांनी जागा अडवून ठेवू नये म्हणून. आणि काट्यापाशी बसून वजन वाचण्याचा मानही बाबांचाच. यंदा पाच शनिवार त्यांनी माझी टोपली काट्याला लावली, चष्मा वर केला, आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "शून्य."

घरी आल्यावर एकदाही त्यांनी त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. वर जेवताना मीठ कमी आहे म्हणाले.

तीन होड्यांच्या जागा आधीच गेल्या होत्या. तिथे आता संस्थेच्या चेअरमननी पायाने चालवायच्या प्लॅस्टिकच्या बदकांच्या होड्या बांधल्या आहेत. चेअरमन माणूस वाईट नाही. कायम पांढरी इस्त्रीची पँट, गोड बोलणं. "ताई, माझ्या मनात काही नाही हो. नियम काकांचाच आहे." असं म्हणत ते माझ्या जागेची लांबी पावलांनी मोजायचे. किती बदकं मावतील ते बघत असणार.

माझ्याबरोबर जुळ्या भावांचाही पाचवा शनिवार रिकामा गेला होता. पन्नाशीचे आहेत दोघं, पण सगळे त्यांना अजून जुळे म्हणतात आणि ते एकाच माणसासारखे वागतात. एक वाक्य सुरू करतो, दुसरा संपवतो, आणि तरी त्यात काही अर्थ नसतो.

आता आमची चूक सांगते, कारण ती आमच्याशिवाय कुणी केली नसती. यंदा गळाला लावलेलं आमिष सारखं मरत होतं. दोरी वर ओढावी तर बारका मासा पांढरा पडलेला, लोळागोळा. मेलेल्या आमिषाला आमच्याकडचा मोठा मासा तोंड लावत नाही. मग सगळ्यांनी एकमताने दोष दिला बादलीला. उन्हाने बादलीतलं पाणी तापतं, मासा आधीच अर्धमेला होतो, म्हणून टिकत नाही. जुळ्यांनी बादलीवर ओलं पोतं घातलं. कुणी बर्फ आणला. दोन होड्यांमध्ये बादली सावलीत कुणाची ठेवायची यावरून भांडण झालं आणि अजून ते एकमेकांशी बोलत नाहीत. मी बाबांना विचारलं तर म्हणाले, "झाकण ठेव. आणि तुझे हात गरम आहेत, आमिष फार वेळ धरू नकोस." महिनाभर मी हात पाण्यात बुडवून बसायची, वेड्यासारखी.

पहाटे काठाच्या लव्हाळ्यात दोरी टाकून बघितली होती. मिळाले ते बोटभर. वीतभर नसेल तो मासा वजनात धरत नाहीत. हाही नियम बाबांचाच.

शुक्रवारी दुपारी मी मध्यावर होते. वारा बिलकुल नव्हता. वरचं पाणी आंघोळीला काढल्यासारखं गरम आणि त्यावर हिरवट साय. उद्याचा शनिवार डोळ्यांसमोर होता आणि मला सगळ्यांचा राग येत होता, माशांचासुद्धा. दोरी सोडताना होडीच्या खुंटीला अडकली. चौथ्या गाठीवर. सोडवायचा कंटाळा केला, डबा काढला, खाल्लं, पाणी प्यायले. अर्ध्या तासाने दोरी ओढली तर आमिष गळावर टणाटण उडत होतं.

मी त्याच्याकडे बघत बसले. मग बादलीत बघितलं. त्यातलेही सगळे ठणठणीत होते, सकाळपासून. म्हणजे बादलीत काहीच बिघडलेलं नव्हतं.

तोच मासा मी आठव्या गाठीपर्यंत सोडला. पाच मिनिटांत वर काढला तर मेलेला. दुसरा सातव्यावर सोडला, तोही मेला. सहाव्यावरही तेच. पाचव्यावरचा कल्ले हलवत होता, पण बाकी हलत नव्हता. चौथ्यावरचा जिवंत. शिसं नाकाशी नेलं तर नासक्या अंड्यासारखा वास. तळाशी गारवा होता, पण श्वास घ्यायला काही उरलं नव्हतं. वर हवा होती, पण ऊन सोसवत नव्हतं. या दोन्हींच्या मधल्या दीड-दोन वावेच्या पट्टीत सगळे मासे दाटीवाटीने उभे असणार, आणि आम्ही महिनाभर त्यांच्या पायाखाली, त्यांना पाय नसले तरी, आमिष मारून टांगत होतो.

चौथ्यावर परत सोडल्यावर एक ओढ आलीही. जोरात. मी घाईने ओढली आणि मासा सुटला. मी स्वतःला दोन शिव्या दिल्या, पण हसत.

धक्क्यावर जुळे भेटले. मी त्यांना सगळं सांगितलं.

"चौथी गाठ?" पहिला म्हणाला.

"काका काय म्हणतील?" दुसरा म्हणाला.

"काका पाण्यावर येत नाहीत. तुम्ही येता. एकदा टाकून तर बघा."

दोघांनी माझ्याकडे अशा नजरेने बघितलं, जणू मी देवळातली घंटा चोरायला सांगतेय. मग पहिला म्हणाला, उद्या ते नवीन बादली आणणार आहेत. दुसरा म्हणाला, मातीची.

संध्याकाळी घरी मी बाबांना सांगितलं. आई कपड्यांच्या घड्या घालत होती.

"चौथ्या गाठीवर ऊन पोहतं," बाबा म्हणाले. "मासा नाही."

"मी बघितलं डोळ्यांनी. खाली आमिष जगत नाही, बाबा. तळ सडलाय."

"चाळीस वर्षं त्या तळावरून मी या घरात अन्न आणलं."

"नऊ वर्षं मी आणतेय."

"आणि पाच शनिवार शून्य."

आईने घडी अर्धवट टाकली. "आता हे बोलायची काही गरज होती का?" ती बाबांना म्हणाली. बाबा उठले आणि गुडघा धरून आत गेले. मला इतका संताप आला होता की मी आईच्या घातलेल्या घड्या परत उलगडून परत घातल्या, आणि तिने मला घालू दिल्या.

शनिवारी उजाडायला मी मध्यावर होते. लाल धागा होडीतच सोडून टाकला आणि चौथ्या गाठीवर दोरी खुंटीला बांधली. पहिला तास काही नाही. बदकांच्या होड्यांवर कुणी झाडू मारत होतं, त्याचा आवाज येत होता. मी स्वतःशीच म्हटलं, गेली जागा तर गेली, पण आठव्यावर टाकणार नाही. साडेसातला पहिला लागला. हिरवट पाठ, पिवळं पोट, कोपरापासून बोटांपर्यंत लांब. मग नऊपर्यंत आणखी तीन. शेवटचा होडीत घेताना मी मोठ्याने रडले, कारण ऐकायला कुणी नव्हतं.

दहाला धक्क्यावर सगळे जमले होते. जुळ्यांची टोपली रिकामी, मातीची नवी बादली असूनही. मी माझी टोपली बाबांसमोर ठेवली. लोक पुढे सरकले. बाबांनी चष्मा वर केला, मासे बघितले, काट्याला हातही लावला नाही.

"कितव्या गाठीवर?" त्यांनी विचारलं.

चेअरमन मध्ये पडले. त्यांना भांडण नको होतं. "आठव्यावरच असणार, काका. दुसरीकडे कुठे?" ते माझ्याकडे बघून हळूच मान हलवत होते, हो म्हण म्हणून.

हो म्हटलं असतं तर सगळं तिथेच मिटलं असतं. माझी जागा राहिली असती, बाबांचा मान राहिला असता, आणि जुळे मातीच्या बादलीला दोष देत घरी गेले असते. माझ्या तोंडात तो हो आलाही होता. पण महिनाभर गरम हातांचं ऐकून घेतलं होतं मी.

"चौथ्या," मी म्हटलं.

बाबांनी टोपली माझ्याकडे ढकलली. "उन्हाळ्यात चौथ्या गाठीवर हा मासा मिळत नाही. विकत आणलेत. वजन धरणार नाही."

जुळ्यांपैकी एकाने खाली बघितलं, दुसऱ्यानेही. माझे कान इतके तापले की हात लावला असता तर चटका बसला असता. माझा स्वतःचा बाप, आख्ख्या धक्क्यासमोर, मला लबाड म्हणत होता.

"उठा," मी म्हटलं. "होडीत बसा."

"माझा गुडघा..."

"गुडघा होडीत वल्हवत नाही. मी वल्हवते. बसा. आणि चेअरमनसाहेब, तुम्ही पण. साक्षीला."

"मी? अहो ताई, मला पोहता..."

"बुडायला लागलात तर काढीन."

मला वाटलं होतं बाबा नकार देतील. पण त्यांनी काठी उचलली. जुळ्यांच्या मातीच्या बादलीतून स्वतः आमिष निवडून घेतलं, माझ्या बादलीवर त्यांचा भरवसा नव्हता. दोघा भावांनी त्यांना धरून होडीत बसवलं. चेअरमन पांढऱ्या पँटखाली वर्तमानपत्र पसरून बसले आणि दोन्ही हातांनी होडीची कड धरून राहिले.

मध्यावर पोचल्यावर बाबांनी माझ्या हातातून दोरी घेतली. लाल धागा सोडलेला त्यांना दिसला. गळ स्वतः लावला, पाठीच्या काट्याच्या किंचित वर, आमिषाला कळणारही नाही इतक्या हलक्या हाताने. तो हात बघून मला लहानपणी वाटायचं तसं वाटलं, आणि त्याचा मला रागही आला. दोरी आठव्या गाठीपर्यंत सरसर गेली.

"पाच मिनिटं," मी म्हटलं. चेअरमननी एक हात कडेवरून कसाबसा सोडवून घड्याळ बघितलं.

वर आला तो पांढरा, मेलेला.

"हा आधीच टेकलेला होता," बाबा म्हणाले.

त्यांनी बादलीत बराच वेळ हात घालून सगळ्यात तेज मासा शोधला. तो बोटांतून निसटून होडीत उडाला, चेअरमनच्या बुटावर पडला. परत आठव्यावर सोडला. परत पाच मिनिटं. परत मेलेला.

या वेळी त्यांनी शिसं नाकाशी नेलं. मग न सांगता तिसरा मासा सातव्यावर सोडला. चौथा सहाव्यावर. ऊन डोक्यावर आलं होतं, चेअरमनच्या मानेवरून घाम वाहत होता. दर वेळी बाबा मेलेला मासा गळावरून काढून शेजारी फळीवर ओळीने ठेवत गेले. पाचव्यावरचा अजून कल्ले हलवत होता. तो त्यांनी हातावर घेऊन बघितला, थांबेपर्यंत.

"किती वर्षं झाली याला?" त्यांनी विचारलं. माझ्याकडे बघत नव्हते.

"काहीतरी बिनसलंय हे मला तीन उन्हाळे कळतंय. काय ते काल कळलं."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं. तुम्ही म्हणालात, बादलीवर झाकण ठेव."

त्यांनी पाण्याकडे बघितलं. माझा बाप मी कधी रडताना पाहिलेला नाही आणि तेव्हाही ते रडले नाहीत. पण चेहरा असा झाला होता, जणू घरी येऊन बघावं तर घरातलं माणूस गेलेलं, आणि आपल्याला कुणी कळवलंच नाही. मला वाटत होतं ते गाठीसाठी भांडतायत. ते त्या तळासाठी भांडत होते. क्षणभर मला त्यांची फार दया आली. पण मी ती दाखवली नाही. धक्क्यावरचं माझं येणं अजून बाकी होतं.

"चौथ्यावर टाका," मी म्हटलं.

त्यांनी टाकला. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. चेअरमन काहीतरी बोलणार तेवढ्यात दोरी ताणली. बाबांनी ओढली नाही. वाट बघितली, तोंडात नीट जाईपर्यंत, जे मला शुक्रवारी जमलं नव्हतं. मग हातावर हात टाकत अशी ओढली की गुडघ्याचं त्यांना भानच राहिलं नाही. मासा मोठा होता, माझ्या चारही माशांपेक्षा. होडीत येताना त्याने शेपटी आपटली आणि पांढरी पँट हिरवी झाली.

बाबा हसले नाहीत. मासा टोपलीत ठेवला आणि म्हणाले, "चल."

धक्क्यावर कुणी हललं नव्हतं. बाबांना उतरवून घेतल्यावर ते काट्याशी गेले, पण खुर्चीवर बसले नाहीत. काठीवर भार देऊन उभे राहिले.

"तळाशी हवा राहिलेली नाही," ते मोठ्याने म्हणाले. "आमिष खाली मरतं. बादलीत नाही. सगळ्यांनी आपापल्या दोरीचा लाल धागा काढा. या उन्हाळ्यातली शून्यं माझ्या गाठीची आहेत, होड्यांची नाहीत. जुळ्यांचे शनिवार पुढच्या शनिवारपासून नव्याने मोजायचे. आणि ज्या तिघांच्या जागा गेल्या, त्यांना बोलावून परत द्यायच्या."

"पण काका, तिथे आता..." चेअरमन म्हणाले.

"बदकं पोहतात. त्यांना पोहू दे."

लोक हसले, कुणी टाळ्या वाजवल्या. जुळ्यांपैकी एक डोळे पुसत होता, म्हणून दुसरा त्याची पाठ थोपटत होता. बाबांभोवती गर्दी झाली. कुणीतरी म्हणालं, काकांनीच शोधून काढलं शेवटी. बाबांनी ते ऐकलं. नाही म्हटलं नाही.

मी पुढे गेले आणि माझी सकाळची टोपली काट्यावर ठेवली. आवाज झाला, सगळे वळले.

"आणि हे विकत आणलेले?" मी विचारलं.

"झालं की आता," बाबा पुटपुटले. "कळलं सगळ्यांना."

"मला लबाड सगळ्यांदेखत म्हटलंत. तेही पुटपुटून नाही."

चेअरमन म्हणाले, "ताई, वडील आहेत. जाऊ दे ना."

"तुम्ही वही काढा," मी त्यांना म्हटलं.

बाबा माझ्याकडे बघत होते. मीही बघत होते. त्यांच्या जागी दुसरं कुणी असतं तर मी केव्हाच सोडून दिलं असतं, पण ते दुसरं कुणी नव्हते, म्हणूनच मला सोडता येत नव्हतं. पाय दुखत होते त्यांचे, ते मला दिसत होतं. तरी मी खुर्ची पुढे केली नाही.

त्यांनी चष्मा खाली घेतला. टोपली काट्याला नीट लावली, हात काढला, काटा थांबेपर्यंत वाट बघितली.

"सहा किलो दोनशे," ते म्हणाले. मग पाचही शनिवारी शून्य म्हणाले होते त्याच आवाजात, धक्क्याच्या टोकापर्यंत ऐकू जाईल असं म्हणाले, "पाण्यातून काढलेले. माझ्या लेकीने. चौथ्या गाठीवर, माझं न ऐकता."

चेअरमननी लिहून घेतलं. मी वहीत वाकून बघितलं. 'न ऐकता' त्यांनी गाळलं होतं, ते मी लिहायला लावलं.